नको म्हणत्यात

गडमुडशिंगी
३ डिसेंबर २०२४

चि. रुद्राणी,

आशीर्वाद लिहायचा की नाही यात पाच मिनिटं गेली. शेवटी लिहीत नाही. तुला हवा असेल तर लिहिलाय असं धरून चाल.

पत्र बघून तुला वाटेल, अप्पानं शपथ मोडली. मोडलेली नाही. साडेतीन वर्षांपूर्वी तू माझ्या मनाविरुद्ध अतुलशी लग्न केलंस तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून चार लोकांसमोर मी बोललो होतो, की तुझं नाव माझ्या जिभेवर येणार नाही आणि या घरात दुसऱ्या कुणी घेतलेलं खपवून घेणार नाही. ती शपथ जिभेची होती. हाताची घेतली नव्हती. रागाच्या भरात तेवढं सुचलं नाही, ते बरंच झालं.

तुझा हैदराबादचा पत्ता बाबासोंकडून आणला. तुझे सासरे म्हणून नाही, गावातला माणूस म्हणून गेलो. दारातच उभा होतो. ते म्हणाले, "आत या की पावणं. च्या झालाय, अर्धा अर्धा घिऊ." आता आपल्याकडं अनोळखी माणूसही पावणं आणि सोयराही पावणंच. त्यांनी कुठल्या अर्थानं म्हटलं ते घरी येईपर्यंत मला ठरवता आलं नाही. चहा घेतला. साखर फार घालतात.

तर कारण असं. तुझ्या आईला, अव्वाला, बरं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा डोळा धुरकटला होता. पूजेला बसली की तळहातावरचं लिंग दिसेना म्हणायची. मी गाईचं तूप घालायला लावलं आणि तीन आठवड्यांत डोळा साफ झाला. गेल्या वर्षी पाय बधिरले, कमरेला कुणीतरी सुतळी आवळल्यासारखं वाटायला लागलं. कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. पाठीतलं पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले, पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं. महिन्यात चालायला लागली. आता दिवाळीनंतर पुन्हा पाय गेलेत. डॉक्टर रोगाचं नाव एम.एस. सांगतात. नाव ऐकून मला ती शिक्षणाची पदवीच वाटली.

ते म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. मी म्हटलं, का? ते म्हणाले, "घरात कोणी शिकलेलं आहे का? त्यांना पाठवा, समजावून सांगतो." तुझ्या अव्वानं माझ्याकडं बघितलं.

बाबासो म्हणतात, तुझं कामच या रोगावर आहे. प्रयोगशाळेत उंदरांच्या नसा बघतेस म्हणे. तर मला एवढं सांग, हे परत जुळतं का? दोनदा जुळलं. तिसऱ्यांदा का जुळू नये?

बाकी ती भिंतीला धरून चालते. जेवते. उजव्या पायाला थोडं भाजलंय. कसं ते विचारू नकोस. घर म्हटलं की भाजतं.

सिद्धलिंग


गडमुडशिंगी
६ जानेवारी २०२५

रुद्राणी,

पाकीट मिळालं. सहा पानं छापील आणि चार ओळी हाताच्या. त्या चार ओळींत मी कसा आहे हे विचारायला जागा उरली नसावी. असू दे. माझीच मुलगी आहेस.

पानं तीनदा वाचली. इंग्रजी होतं तिथं बाबासोंना विचारलं, त्यांनी अतुलला फोनवर विचारलं, अतुलनं तुला विचारलं असेल. एक वाक्य हैदराबादला जाऊन परत आलं. मला जे समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. जंतू मारायला शरीराचे जे शिपाई असतात ते भलतीकडं, मेंदूत आणि मणक्यात घुसतात आणि नसेवरचं वेष्टण खातात. हे मला एका वाचनात समजलं. तीस वर्षं मोटरी भरतोय. तारेवरचं इनॅमल गेलं की तार तारेला लागते आणि मोटर बसते. पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. ते शिपाई मारायला म्हणून एक तिखट प्राणवायू सोडतात. तो नसेच्या आत शिरतो. नसेला ताकद पुरवणारी जी बारीक इंजिनं असतात ती त्यानं मरतात. तिथं साठलेलं लोह त्यात आणखी भर घालतं. म्हणजे सूज उतरली, माणूस चालायला लागला, घरच्यांनी पेढे वाटले, तरी आत गंज चालूच असतो.

आम्ही खरंच पेढे वाटले होते.

म्हणजे डोळा साफ झाला तो माझ्या तुपानं नाही. वेष्टण थोडं परत चढलं म्हणून. आणि आता जे चाललंय ते वेष्टणाचं नाही, तारेचंच आहे. जळलेली मोटर आली तर मी सगळं तांबं उपसून काढतो आणि नव्यानं भरतो. तुझी अव्वा तशी उपसता येत नाही. हा गंज थांबवायचं औषध तुम्ही शोधताय आणि उंदरांत थोडं जमतंय, असं तू लिहिलंस. उंदरांचं भलं होवो.

आता तुझी चौथी ओळ. "शेक कोणी दिला? मी अव्वाला बजावून सांगितलं होतं, शेक अजिबात नको. उष्णतेनं या नसा आणखी बंद पडतात आणि बधिर पायाला भाजलेलं कळत नाही."

बजावून सांगितलं होतंस! म्हणजे तुम्ही दोघी बोलत होता. मी ओळ वाचली आणि पाकीट घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. काही विचारावं लागलं नाही, तिनं मानच खाली घातली. दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, शेजारच्या चिमणाबाईच्या फोनवरून. मी दुकानात असताना. माझ्या घराची भिंत आणि तिच्या घराची भिंत एक आहे आणि मला पत्ता नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही. तुला हे कळावं म्हणून लिहितोय.

शेक चिमणाबाईनं दिला. तुला माहीत आहे, बाळंतिणींना शेक-शेगडी करणं हाच तिचा धंदा. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पायाशी ठेवली. तिचा हेतू वाईट नव्हता. मी घरात नव्हतो. उद्यमनगरात तार आणायला गेलो होतो, बावीस गेजची, दुकान बंद होतं म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो, त्यात दुपार गेली. आल्यावर बघितलं तर हा प्रकार.

जखम तळव्याला आहे. मागच्या पत्रात थोडं लिहिलं होतं. थोडं नाही. स्टेरॉइडमुळं भरत नाही म्हणतात. आणि भिंतीला धरून चालते हेही खरं नव्हतं. नोव्हेंबरपासून ती उठलेली नाही. मी उचलतो. वजन राहिलेलं नाही, त्यामुळं जमतं.

तुला बोलायचं असेल तर बोल तिच्याशी. चिमणाबाईच्या फोनवरून कशाला, फोन इथंही आहे. मी बाहेर जाऊन बसेन. नाव मात्र माझ्यासमोर घ्यायचं नाही असं तिला सांगितलंय. शपथ ती शपथ.

सिद्धलिंग


कोल्हापूर, दवाखाना
९ मार्च २०२५

रुद्राणी,

हे पत्र पोचायच्या आत बाबासोंनी फोन केलेला असेल आणि तू गाडीत असशील. तरी लिहितोय. बाहेरच्या बाकावर बसून दुसरं काही करता येत नाही.

जखमेतला पू रक्तात गेला. आठवडाभर ताप आहे. तू सांगितलं होतंस तसंच झालं, अंग तापलं की तिचं एकेक बंद पडतं. सोमवारी हात. मंगळवारी दोन्ही डोळे. मी समोर उभा असताना विचारते, "कोण हाय?" जीभ जड झालीय. ताप उतरला की थोडं परत येतं, मग पुन्हा जातं. मी बघत बसतो की या वेळी काय परत येईल.

डॉक्टरांनी आज पुन्हा विचारलं, भाजलं कशानं. मी विटेनं म्हणून सांगितलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. ते म्हणाले, विटेनं एवढं खोल आणि एवढं सगळीकडून भाजत नाही. मी म्हटलं, वीट मोठी होती.

आणखी एक. ताप चढला की ती तुझं नाव घेते. स्वच्छ येत नाही, "उद्रा, उद्रा" असं येतं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझे कान तापले. सवय. नर्स म्हणाली, "कुणाला हाका मारत्यात ओ?" मी फडकं भिजवून तिच्या कपाळावर ठेवलं. नंतर मात्र ती फारच हाका मारायला लागली, थांबेना. तेव्हा मी ओ दिली. तुझ्या नावाला मी ओ दिली. ती लगेच शांत झाली. त्यानंतर प्रत्येक वेळी देतो. आवाज माझा, पण तिला आता तेवढं कळत नाही, किंवा कळतही असेल.

लवकर ये. जपून ये असं म्हणायची पद्धत आहे, पण लवकर ये.

अप्पा


गडमुडशिंगी
२० एप्रिल २०२५

रुद्राणी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ते घेऊन मी दुकानात जातो आणि ते घेऊनच घरी येतो. तू लिहिलंस, "अप्पा, झालं ते झालं. तुम्ही एकट्यानं तिचं सगळं केलंत. आता इकडे या. अतुलनं खोली लावून ठेवलीय. मी तुमच्यावर रागावलेली नाही." असं पत्र आलं की शहाणा माणूस पिशवी भरतो. मी पिशवी भरलीही होती. दोन धोतरं, टेस्टर, चष्मा. काल ती परत रिकामी केली.

तुला अव्वा जिवंत भेटली नाही. एका सकाळचं अंतर पडलं. तू रुद्रभूमीत आलीस तेव्हा तिला बसवून, डाव्या हातात लिंग देऊन, माती लोटायची तेवढी राहिली होती. तू खाली वाकून तिच्या पायाचं फडकं सोडलंस. कुणीतरी अडवायला आलं, पण अतुल मधे उभा राहिला. तू ती जखम बघितलीस आणि वळून चिमणाबाईला सगळ्यांसमोर म्हणालीस, "काकू, मी तुमच्याच फोनवर सांगितलं होतं ना, शेक नको म्हणून? तुमच्यासमोर सांगितलं होतं. का केलंत असं?"

चिमणाबाई तुझ्याकडं बघत नव्हती. तुझी माझ्याकडं पाठ होती, म्हणून तुला दिसलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. मला एक शब्द बोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती माझ्याकडं बघत राहिली. मी अव्वाच्या हाराकडं बघत होतो. मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती माघारी निघून गेली.

त्या दिवसापासून गावात तिला कुणी बोलावत नाही. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीत एक बाळंतीण घरी आली. बाळाला न्हाऊ घालायला मुडशिंगी सोडून पार गांधीनगरची बाई आणली. चिमणाबाईनं आपल्या तीन पिढ्या न्हाऊ घातल्यात. तुलाही तिनंच घातलंय. परवा तिच्या दारावरून गेलो तर शेगडी पालथी घालून तिच्यावर कोंबडीचं खुराडं ठेवलं होतं. मी घरी येऊन जेवायला बसलो आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

म्हणून काल गेलो. तिच्या उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हटलं, "चिमणाबाई, मी पोरीला खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय की."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"मयताच्या दारात कोण भांडतंय? आन् मला वाटलं, तुमी बोलशिला. वाट बघत हुतो मी."

मी पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतला. "माझ्या पाया पडून काय उपेग न्हाय. पोरीला सांगा जावा. मला काय सांगतायसा? मला वास आलता, माझ्या घरापातूर."

तर आता तुला सांगतो.

वीट नव्हती. मी उद्यमनगरात गेलो नव्हतो. एकवीस नोव्हेंबरची दुपार. मी घरीच, पुढच्या खोलीत होतो. पाण्यात बुडालेली मोटर आली की मी काय करतो ते तू लहानपणापासून बघितलंयस. आत ओल धरलेली असते, ओल तपासायचा मेगर लावला तर काटा हलत नाही. मग तिच्यावर पत्र्याचा डबा उपडा घालायचा, आत दोनशे वॉटचे दोन बल्ब लावायचे आणि पाच-सहा तास शेकू द्यायची. ओल गेली की काटा वर येतो. मोटर चालू होते. आजवर शेकड्यांनी अशा चालू केल्यात, एक कधी परत आली नाही.

तुझ्या अव्वाचे पाय गार पडले होते. दाबले तरी तिला कळायचं नाही. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिलेली. मला वाटलं, आत ओल धरलीय. मला खरंच तसं वाटलं, रुद्राणी. मी डबा धुऊन आणला. दोन बल्ब लावले. तिच्या पायांवर असा ठेवला की बल्ब उजव्या तळव्याशी आले, आणि वर रजई टाकली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "शेक नको म्हणत्यात."

मी विचारलं, "कोण म्हणतंय?"

"म्हणत्यात."

"डॉक्टर म्हणला?"

"न्हाय."

"मग कोण?"

ती भिंतीकडं बघायला लागली. मी बटण दाबलं. थोड्या वेळानं मी पाणी द्यायला आत गेलो तेव्हा पुन्हा म्हणाली, "आवो, नको म्हणत्यात." मी म्हटलं, "कोण त्ये नाव सांग, मी त्येला इचारून येतो." तिनं तांब्या परत दिला. तिच्या पायाला काही लागत नव्हतं, त्यामुळं ती ओरडणार तरी कशाला? दुखत होतं म्हणून ती नको म्हणत नव्हती. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून म्हणत होती, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव मी या घरात बंद केलं होतं.

मग एक गिऱ्हाईक आलं. पाणबुडी मोटर होती, आठवतं. मी ती खोलून बसलो. दीड तास गेला. वास आला. जळाल्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो. मी उठलो आणि आधी मोटर हुंगली. मग टेबलावरची दुसरी हुंगली. मग चार्जर बघितला. दुकानातली एकेक वस्तू मी हुंगून बघितली आणि सगळ्यात शेवटी आत गेलो. ती जागी होती. मला म्हणाली, "काय जळतंय?"

हे तुला माहीत नसतं तर तू मला खोलीत ठेवून घेतलं असतंस. अतुलनं स्टेशनवर उतरवून घेतलं असतं. मी तुझ्या घरात चहा प्यायलो असतो, तुझ्या हातचा. मला ते हवं होतं. हवं आहे. पण ते चिमणाबाईच्या शेगडीवर उभं राहिलेलं घर झालं असतं. आज सकाळी हनुमानाच्या कट्ट्यावर चार लोक बसले होते त्यांच्यासमोर मी हे सगळं सांगितलं, बल्बासकट. तुझं नावही घेतलं. एकजण उठून गेला.

आता तू मला बोलावू नकोस म्हणालीस तर ते बरोबर आहे. पोलिसांत जायचं म्हणालीस तर मी जाईन. चिमणाबाईला मात्र एक फोन कर. तिचा नंबर तुझ्याकडं आहेच.

महिनाभर मी एका विचारावर दिवस काढले. मला वाटायचं, तिनं त्या दुपारी एकदाच "रुद्राणी म्हणत्या" असं म्हटलं असतं तर मी बटण बंद केलं असतं. शिकलेली पोर सांगते म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? या विचारानं बरं वाटतं, सगळं नुसतं नशिबावर जातं. पण ते खोटं आहे. तुझं नाव ऐकलं असतं तर मी भडकलो असतो. हट्टानं तो डबा तिथंच ठेवला असता आणि दोनाचे तीन बल्ब लावले असते. तीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली होती. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून ती गप्प बसली.

सिद्धलिंग